कुशीतला फिल्टर

टाचणी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. अंगाने बारीक, बोलायला टोकदार आणि धंद्याने शिंपी. मग लोक दुसरं काय म्हणणार? दुकान लेकीच्या हवाली करून हा गडी डोंगरधारेवरची ती महिनोन्‌महिने न संपणारी पायवाट चालायला निघाला. बरोबर घेतलं कुणाला, तर थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला! दाजींच्या पोटाचं मोठं ऑपरेशन होऊन वर्षही झालं नव्हतं. ताईने निघताना एवढंच बजावलं, "नेतोयस तसे परत आण. नाहीतर मला तोंड दाखवू नकोस."

म्हणून पाण्याचं काम टाचणीने स्वतःकडे घेतलं. ओढ्याचं पाणी मुठीत मावणाऱ्या फिल्टरमधून पिळायचं, मगच दाजींच्या बाटलीत. आता या फिल्टरचे लाड फार. कडाक्याच्या थंडीत उघड्यावर राहिला, की आतल्या बारीक नळ्यांतलं पाणी गोठतं, नळ्या फुटतात, आणि बाहेरून मात्र साहेब जसेच्या तसे! पाणीही पहिल्यासारखंच येतं, फक्त घाण अडत नाही. त्यामुळे त्या वाटेवरची शहाणी माणसं रात्री फिल्टर कुशीत घेऊन झोपतात.

"तुझ्या बहिणीनं मला इतकं कधी जपलं नाही," दाजी म्हणायचे.

"फिल्टर घोरत नाही ना, दाजी!"

टाचणीने त्याला झकास पिशवी शिवली होती. कापड उरलं, म्हणून त्याच तुकड्यातून सुईदोऱ्याच्या डबीलाही तश्शीच दुसरी. स्वतःच्या हातच्या कामावर असा खूष, की येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत सुटला.

एका सकाळी तंबू दंवाने पांढरा झाला होता. टाचणीने स्लीपिंग बॅगेतून पिशवी काढली, नाडी सोडली, तर आत सुईदोरा! रात्रभर डबी उबेत आणि फिल्टर बाहेर बुटांशेजारी. तिथल्याच बाटलीतलं पाणी दगड झालेलं.

फिल्टर कामातून गेला, हे त्याने ओळखलं. पण बोलला का? छे! गॅसवर पाणी उकळून दाजींच्या पुढे धरलं. "आजपासून गरमच प्यायचं."

"मी काय बाळंतीण आहे?"

"थंडी बघा की!"

दोघं चालू लागले. पाठीवरच्या बॅगांना ओले मोजे लटकवलेले, टाचांच्या फोडांवर चिकटपट्ट्या, डोळे दगडांवरच्या रंगाच्या खुणांवर.   दुपारी पुन्हा पाणी उकळायला बसला, तर शेगडी फुस्स करून विझली. गॅस संपला. एवढ्या उंचीवर जाळायला काडी मिळेना.

"जाऊ दे रे," दाजी ओढ्याशी टेकत म्हणाले, "आण तो तुझा लाडका."

टाचणीने फिल्टर हातात घेतला, पण पुढे करवेना. "दाजी, हा गेलाय. रात्री बाहेर राहिला."

"कधी कळलं तुला?"

"उठल्या उठल्या."

दाजींनी आपली रिकामी बाटली पुढे धरली. "तू तंबू गुंडाळत होतास ना, ऊन आल्यावर? मला पुन्हा तहान लागली. तुला कशाला सारखा त्रास, म्हणून मीच ओढ्यावर जाऊन बाटलीभर पिळलं. प्यायलो."

टाचणीने फिल्टर खाली ठेवला. चूक पिशवीची होती, इथवर तो मनाची समजूत घालत आला होता. सकाळी गप्प बसणं मात्र पिशवीवर ढकलता येईना.

"शिव्या घाला दाजी."

"तहानलेल्या तोंडानं?" दाजी म्हणाले, पण हसले नाहीत.

पायवाट सोडून खाली दवाखान्याच्या गावाकडे जाणारी एक उतरण होती. टाचणीने दाजींची बॅग पोटावर बांधली, आपली पाठीवर, आणि दोघं कोरड्या घशाने उतरू लागले. थोडं गेल्यावर दाजींचा हात पोटावर गेला.

"दुखतंय?"

"भूक लागलीय रे."

पुढे वळणावर हात पुन्हा गेला. टाचणी दाजींच्या अगदी जवळून चालू लागला.

"ताईला काय सांगशील?" दाजींनी मागे न बघता विचारलं.

"जे झालं ते."

"डॉक्टरला आधी सांग. त्या वेळी पण गप्प बसू नकोस."

"नाही बसणार," टाचणी म्हणाला, आणि दाजींच्या त्या हातावरची नजर न काढता उतरत राहिला.