राजमुकुटाचं बक्कल

दौंड स्टेशनाबाहेर माझं घड्याळाचं दुकान होतं आणि शेजारच्या टपरीत मामा चामड्याचे पट्टे शिवायचे. दीडशे वर्षांपूर्वी गोरे सोल्जर बांधत तसे, पितळी बक्कलावर राजमुकुट असलेले. परदेशातले हौशी लोक ते घालून लुटुपुटूच्या लढाया खेळतात म्हणे.

"आमच्या आज्याला असल्याच पट्ट्यानं फोडून काढलं व्हतं," असं म्हणत मामा अशी हातोडी घालायचे की माझ्या कपाटाच्या काचा वाजायच्या.

शिवून झालेला प्रत्येक पट्टा ते दिवसभर स्वतःच्या कमरेला बांधत. चामडं अंगाच्या उबेनं वळतं, खुंटीवर टांगून नाही, हे त्यांचं म्हणणं.

एकदा पुण्याचा व्यापारी माल न्यायला आला. वयानं मामांच्या मुलाएवढा. मामांच्या कमरेचा पट्टा बघून तो खेकसला, "काढ तो! तुझ्या घामाचा वास लागला तर गोरा हात तरी लावेल का?"

माझं डोकं फिरलं, मी उठलोच. पण मामांनी पट्टा सोडला, रापी उचलली आणि बक्कलापासून हातभर अंतरावर तो कापून टाकला.

"आजवर गेलेलं समदं पट्टं मी घातल्यालं हायत," ते म्हणाले. "कोन गोरा मेला का वासानं? निघा!"

दुसऱ्या दिवशी फलाटावरचं लूत भरलेलं कुत्रं टपरीपुढं पसरलं होतं. त्याच्या गळ्यात राजमुकुट चमकत होता.

"ह्यानं न्हाई नाक मुरडलं," मामा म्हणाले आणि हातोडी घातली.