फॉरमॅटवाले मामा

जगातल्या कुठल्याही दुखण्यावर फॉरमॅट हा एकच इलाज आहे, अशी आमच्या मामेसासऱ्यांइतकी गाढ श्रद्धा बाळगणारा दुसरा माणूस निदान उज्जैनमध्ये तरी नसावा. आणि श्रद्धाळूंच्या बाबतीत आमचं गाव काही मागे नाही. लॅपटॉप हळू चालतो, गरम होतो, घरघरतो, किंवा मुलगा त्यावर अभ्यास करत नाही, यांपैकी कुठलीही तक्रार घेऊन नानाखेड्याच्या त्यांच्या घरी जा, मामा ती शांतपणे पूर्ण ऐकून घेतात आणि सांगतात, "काही नाही, फॉरमॅट मारून टाकू. जड से साफ." पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर लोक योगासनं धरतात, नाहीतर भजनी मंडळ धरतात. मामांनी पेन ड्राइव्ह धरला. पूर्वी लोक जानव्याला कपाटाची किल्ली बांधत, तसा तो ते जानव्याला बांधतात, आणि आंघोळीच्या वेळी काढून देवघरात ठेवतात.

फॉरमॅटला मामा आधी पंचांग बघतात. राहुकाळात सुरू केलेलं काम मध्येच अडकतं असा त्यांचा अनुभव आहे. चांगल्या मुहूर्तावर सुरू केलेलंही अडकतं, पण तेव्हा दोष लॅपटॉपचा असतो. मग लॅपटॉपला पाटावर बसवायचं, उलटा करायचा, पाठीचे स्क्रू काढायचे आणि आतली धूळ रंगाच्या ब्रशने हळुवार झाडायची. कीबोर्डच्या फटींतून हमखास शेव निघते. एकदा फ्रीगंजातल्या एका वकिलांच्या लॅपटॉपमधली शेव त्यांनी चष्म्याजवळ नेऊन हुंगली आणि म्हणाले, "ही लौंगवाली आहे. वकीलसाहेब, घरच्यांनी मसालेदार बंद केलंय ना तुमचं?" वकीलसाहेबांनी उलटतपासणी न घेता गुन्हा कबूल केला.

सगळं पुसायचं बटण दाबण्याआधी मामा मालकाला तीनदा विचारतात, "काही राहिलं?" प्रवासाला निघताना दारात उभं राहून विचारतात ना, अगदी तसं. तिन्ही वेळा 'नाही' ऐकल्याशिवाय बोट पुढे सरकत नाही. आमच्या ओळखीतल्या एका बाईंनी तिन्ही वेळा ठणकावून 'नाही' सांगितलं, आणि मशीन साफ होताच मुलीच्या लग्नाचे फोटो आठवून त्या रडायला लागल्या. मामांनी ते आदल्या दिवशीच आपल्या डिस्कवर गुपचूप उतरवून ठेवले होते. "लोकांना काय पाहिजे होतं, ते पुसल्यावरच समजतं," ते मला नंतर म्हणाले. नव्या मशीनने मालकाचं नाव विचारलं की मामा कुणालाही न विचारता 'श्री' असं लिहितात, कारण कुठल्याही कामाची सुरुवात श्रीने व्हावी. आता आमच्या कॉलनीतले एकूण एक लॅपटॉप सकाळी श्रींचं स्वागत करतात.

अशा या माणसाच्या स्वतःच्या घरचा लॅपटॉप मात्र सुरू करून आंघोळीला जावं आणि बाहेर आल्यावर पूजाही आटपून घ्यावी, इतका म्हातारा झालेला होता. तो मामींचा. मामी गेल्यापासून मामा तोच वापरायचे. त्यांचा मोबाइल बटणांचा, त्यामुळे कॅनडात असलेल्या मुलाशी, अभयशी, लिहिण्या-बघण्याचा जो काही संबंध होता तो या लॅपटॉपवरून. हळूहळू लॅपटॉपने व्हिडिओ कॉल घेणंच बंद केलं. नात बोलायला लागली होती आणि मामांनी तिला अजून बोलताना पाहिलं नव्हतं. अभय फोनवर कळवळून सांगायचा, "बाबा, सगळ्या उज्जैनची मशीनं साफ करता, मग आपलंच का ठेवलंय?" मामा म्हणायचे, "मुहूर्त नाहीये." आधी पितृपक्ष होता, मग धनुर्मास निघाला, मग त्यांना स्वतःच्या पत्रिकेत काहीतरी सापडलं. मी मनातल्या मनात हसत होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं मला वाटलं.

एका रविवारी मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. मामा अभयला निरोप लिहीत होते. त्यांनी 'जे' एवढंच लिहिलं आणि मशीनने आपणहून पुढे केलं : 'जेवलास का'. त्यांनी 'स्वे' लिहिलं, मशीनने लिहिलं : 'स्वेटर घातल्याशिवाय बाहेर जाऊ नकोस'. मराठी लिहायचा तो जुना प्रोग्राम, वापरणाऱ्याचे शब्द लक्षात ठेवणारा. मामी रोज मुलाला लिहायच्या, तेच त्या प्रोग्रामने पाठ केलेलं. मामांना जन्मात मुलाशी चार वाक्यं बोलता आली नव्हती. त्या गेल्यापासून ते एखादं अक्षर द्यायचे आणि बाकीचं मामी लिहायच्या.

"हे फोटोसारखं उतरवून नाही घेता येत?" मी विचारलं.

"सगळं करून पाहिलं. नवीन सिस्टिममध्ये हा प्रोग्राम चालतच नाही," ते म्हणाले. "मशीन साफ केलं तर नात दिसेल. पण मग अभयला लिहू काय, जावईबापू? मला तर काही सुचतच नाही."

त्या दिवसानंतर मी हसलो नाही.

फाल्गुनात त्यांनी मला बोलावलं. पाट मांडला होता, ब्रश तयार होता. पंचांग कुठे दिसलं नाही. शेव एक कणही निघाली नाही. मामी लॅपटॉपजवळ कुणाला खाऊ देत नसत. बटणाशी बोट नेऊन मामा थांबले आणि म्हणाले, "तुम्ही विचारा." मग मीच विचारलं, "काही राहिलं?" ते म्हणाले, "नाही." दुसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी परत मागे जाऊन तो प्रोग्राम उघडला, 'जे' लिहिलं, मशीनने पुढे केलेलं वाक्य अभयला पाठवलं आणि बंद केलं. मग मी तिसऱ्यांदा विचारलं.

"राहणारच आहे," मामा म्हणाले, आणि त्यांनी बटण दाबलं.

संध्याकाळपर्यंत लॅपटॉप नव्यासारखा चालू लागला. मामांनी त्याला 'श्री' नाव दिलं. मग 'जे' लिहून पाहिलं. मशीनने विचारलं : 'जेव्हा'? इतक्यात कॉल वाजला. पडद्यावर अभय आला, त्याच्या मांडीवर नात होती, तिच्या हातात टोस्ट होता. ती या नव्या माणसाकडे टक लावून बघत राहिली. मामा तिच्याकडे बघत राहिले आणि नेहमीप्रमाणे त्यांना काही सुचेना. मग तिनेच टोस्ट पुढे केला आणि विचारलं, "आजोबा, जेवलास का?"

"हिला रोज मीच विचारतो ना," अभय म्हणाला, "तर ही आता सगळ्यांना विचारत सुटते."

मामांनी तोंड माझ्याकडे वळवलं. "बॅकअप होता, जावईबापू," ते हळूच म्हणाले. मग चष्मा काढून ते पंच्याने पुसत बसले. चष्मा काही इतका खराब नव्हता. मामी असत्या तर त्यांनी हे बरोबर सावरून घेतलं असतं, असं मला फार वाटलं. पण तिकडे उत्तर मिळालं नव्हतं, म्हणून नात पुन्हापुन्हा तेच विचारत होती.