सर्दी झालेल्याने ओट्यावर बसायचं

ऐंशीनंतरची काही वर्षं मी बोईसरजवळच्या दांडी गावात नर्स होते. स्वभाव माझा मुळातच तापट, आणि थंडी सुरू झाली की डोकं जास्तच फिरायचं. बाळाला समुद्रावरचं वारं लागू नये म्हणून कोळीवाड्यात खिडक्या गच्च बंद होत, आणि त्याच खोलीत शेगडीभोवती शिंकणारं, खोकणारं अख्खं घर गोळा होई. मासळी विकून आलेली बाई शेगडीवर हात शेकायची, बाळाला उचलायची आणि पटापट मुके घ्यायची. शेकले की हात स्वच्छ झाले, असा तिथे सगळ्यांचा ठाम समज.

एका घरात दिवस भरण्याआधीच जन्मलेलं बाळ होतं. त्याच्या बहिणीची तान्हेपणी छाती भरली होती, ती दवाखान्यातून कशीबशी परतली होती. याची भरली तर निभणार नाही, हे मला दिसत होतं. आणि बाळाची आत्या, बोईसरच्या बाजारात मासळी विकणारी, त्याला मांडीवर घेऊन स्वतःचं गळतं नाक पुसत बसलेली.

"वाऱ्याने नाही, तुमच्या सर्दीने छाती भरते त्याची," मी तिला फटकारलं. "मोठ्यांचं नुसतं नाक गळतं, तीच सर्दी तान्ह्याच्या छातीत उतरते. खिडकी उघडा. साबणाने हात धुवा. मुके बंद. आणि सर्दी झालेल्याने बाहेर ओट्यावर बसायचं."

"मी बी?"

"तुम्ही आधी."

तिचा चेहरा उतरला. बाळावर फार जीव होता तिचा. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही.

पुढच्या आठवड्यात वजन करायला गेले. खिडकी उघडी, मोरीत साबण, आत्या ओट्यावर. मी खूश होऊन पायरी चढले आणि उंबऱ्यातच दोन शिंका आल्या. नाक सकाळपासून चोंदलं होतं, पण नर्सला कसली सर्दी, अशा तोऱ्यात मी निघाले होते.

आत्याने हात आडवा घातला. "नर्सबाय, तुमाला सर्दी हाय. आत नाय जायाचं."

"अहो, मी फक्त वजन..."

"नाय."

आधी राग आला, मग लाज वाटली. मुकाट्याने तिच्याशेजारी बसले. तेवढ्यात आत बाळाने भोकाड पसरलं, पार गल्लीत ऐकू जाईल असं.

"आयकताय ना? छाती मोकली हाय त्याची," आत्या म्हणाली आणि पदराने नाक पुसलं. मीही माझं पुसलं.