तिसऱ्या वळणाची माती

व्हर्लिन स्टुल्के काठी टेकत कुंपणाच्या दारातून आत आला आणि तिसऱ्या वळणाशी जो थबकला, तो त्याला पुढे पाऊलच टाकवेना. नवा खुबा बसवल्यापासून तो लेकीच्या गावी पडून होता आणि आज पहिल्यांदाच ट्रॅकवर, आपल्या कामावर, परतला होता. बाकीचा ट्रॅक होता तसाच होता, आमच्या आयोवाच्या मातीसारखा काळाभोर. तिसरं वळण मात्र पिवळं झालं होतं. आतल्या कडेपासून बाहेरच्या भिंतीपर्यंत एकही काळं ढेकूळ नाही, सगळं पिवळं.

मार्ला विटकॉप त्याच्या मागोमाग आली. जत्रेच्या मैदानावरचा हा ट्रॅक आता ती चालवते. त्याआधी ती इथेच स्प्रिंट कार, म्हणजे मातीवरच्या शर्यतीची हलकी गाडी, पळवायची, आणि तीही अशी की भलेभले पुरुष तिला वाट द्यायचे. आज तिचा चेहरा लपवलेली भेटवस्तू पुढे करणाऱ्या पोरीसारखा फुलला होता.

"कसं वाटतंय?" ती म्हणाली. "तुम्हीच ओरडायचा ना, हे वळण एकदा उकरून काढलं पाहिजे म्हणून? काढलं. कमरेइतकं खोल. नदीकडची नवी माती आणून भरली. कुणाला बोलू दिलं नाही. म्हटलं, व्हर्लिन येतील तेव्हा झटका बसला पाहिजे."

झटका बसला होता. व्हर्लिनचं तोंड उघडंच राहिलं होतं. म्हाताऱ्याला भरून आलं, असं मार्लाला वाटलं.

"जुनी माती?" त्याने कसंबसं विचारलं.

"बोनेकॅम्पने नेली. डुकरांच्या मागे त्याचं ते घाणीचं तळं आहे ना, त्याला बांध हवा होता."

व्हर्लिनने मान हलवली. आभारही मानले असावेत, पण ते त्याला नंतर आठवेना. तो अवजारांच्या शेडमध्ये गेला, पाण्याच्या पाइपांच्या वेटोळ्यावर बसला आणि भिंतीकडे बघत राहिला. त्याची बायको त्या मातीत होती.

आता हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, निदान व्हर्लिनची तशी समजूत होती. त्यासाठी आधी आर्डिसबद्दल सांगायला हवं.

धडधाकट डोक्याचा माणूस शर्यत बघायला तिसऱ्या वळणामागच्या उतारावर बसत नाही. तिथे गाड्या आडव्या होत, पूर्ण वेगात येतात आणि मागच्या रुंद चाकांनी ओल्या मातीची ढेकळं भिंतीपलीकडे भिरकावतात. बिअरच्या पेल्यात माती, केसांत माती, दातांत माती. आर्डिस नेमकी तिथेच बसायची. अंगात जुना रेनकोट, डोळ्यांवर वेल्डरचा चष्मा, आणि हातातल्या पोर्कच्या सँडविचवर धरलेला प्लॅस्टिकचा तुकडा. व्हर्लिनला या प्रकाराची लाज वाटायची. ट्रॅक तयार करणाऱ्या माणसाच्या बायकोला मुख्य स्टँडमध्ये, छपराखाली, फुकट खुर्ची होती. तिथे बस की, असं तो दर हंगामाला एकदा तरी म्हणायचा. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं: "नवऱ्याने आठवडाभर काय दिवे लावले ते मला इथेच कळतं."

आठवडाभर तो काय करायचा? नांगरायचा, भिजवायचा, मुरू द्यायचा, ग्रेडरने सारखं करायचा, रोलरने दाबायचा. मग वाऱ्याकडे बघायचा, उन्हाकडे बघायचा आणि पुन्हा भिजवायचा. मधूनमधून मूठभर माती उचलून आवळायची, मूठ उघडायची. ढेकूळ फुटलं तर पाणी कमी, हाताला चिकटलं तर जास्त. यात त्याचं अख्खं आयुष्य गेलं होतं आणि त्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती.

आजारपणात आर्डिसने एकच गोष्ट मागितली. "मला तिसऱ्या वळणात नांगर," ती म्हणाली. हे काही जगावेगळं मागणं नव्हतं. शर्यतीच्या नादी लागलेल्या बऱ्याच जणांना आपली राख ट्रॅकवर पडावी असं वाटतं, आणि म्हणूनच जत्रेच्या मंडळाने त्यावर कडक बंदी घातली आहे. व्हर्लिनने जन्मात एक नियम मोडला, तो हा. चर्चमागच्या कबरस्तानात सगळ्यांसमोर पुरला तो डबा रिकामा होता. राख त्याने वसंतातल्या एका सकाळी, उजाडता उजाडता, तिसऱ्या वळणावर पसरली, वरून हलका फाळ फिरवला आणि पाण्याचा टँकर चालवणाऱ्या डेलमारला सांगितलं की इथे एक फेरी जास्त मार.

त्या दिवसापासून व्हर्लिन रोज सकाळी त्या वळणाशी थांबून दोन शब्द बोलायला लागला. आणि त्या दिवसापासून त्याने तिथे नांगर खोल घातला नाही. बाकी सगळीकडे फाळ पुरता आत जायचा, तिसऱ्या वळणावर आला की व्हर्लिन तो वर उचलायचा आणि नुसतं ओरखडल्यासारखं करायचा. बायकोच्या अंगावर नांगर कोण घालेल?

माती मात्र असल्या गोष्टी समजून घेत नाही. वर्षानुवर्षं न नांगरलेला खालचा थर दगडासारखा घट्ट झाला. पाणी वरच्यावर राहायला लागलं आणि दर शनिवारी दुसरी शर्यत संपायच्या आत तिथे खड्डा पडायला लागला. गाड्या उड्या मारायच्या. चालक शिव्या घालायचे, म्हातारा थकला म्हणायचे. गेल्या हंगामात ट्रेंट मालकमच्या गाडीने तिथे कोलांट्या खाल्ल्या आणि पोराच्या गळ्याचं हाड मोडलं. कुणाला संशय येऊ नये म्हणून व्हर्लिन स्वतःच सगळ्यांहून मोठ्याने ओरडायचा, की हे वळण मेलं एकदा मुळापासून उकरून काढलं पाहिजे. मार्लाने ते मनावर घेतलं, एवढंच.

डेलमार त्याला शोधत शेडमध्ये आला तेव्हा व्हर्लिन अजून तसाच बसला होता. डेलमारने त्याच्याकडे एकवार पाहिलं आणि तो दाराला टेकून उभा राहिला. व्हर्लिन म्हणाला, मला बोनेकॅम्पकडे घेऊन चल. डेलमारने टँकरच काढला, कारण किल्ली त्याचीच हाताशी होती.

बोनेकॅम्पचं काम नेहमीच टापटीप. डुकरांच्या लांबलचक शेडमागे तळं होतं, तळ्याला काळ्या मातीचा सुबक बांध होता आणि बांधावर गवताचं बी पेरून झालं होतं. वास असा की डोळ्यांत पाणी यावं. व्हर्लिनच्या डोळ्यांत ते आधीच होतं. तो काठीवर भार देऊन उभा राहिला. आर्डिसला आयुष्यात एकाच गोष्टीचा तिटकारा होता, आणि ती म्हणजे डुकरांची घाण. वारा तिकडून आला की ती भर उन्हाळ्यात खिडक्या लावून घ्यायची.

"डेलमार," तो म्हणाला, "यात आर्डिस आहे."

डेलमार बांधाकडे बघत राहिला. "नाही," तो म्हणाला.

"तुला काय माहीत? मी स्वतःच्या हाताने तिला तिसऱ्या वळणात..."

"ते माहीत आहे. जन्मभर मातीवर पाणी मारलंय मी. ओली राख मला ओळखू येणार नाही?"

व्हर्लिनला आणखी एक धक्का बसला. "इतकी वर्षं तू बोलला नाहीस."

"तू कुठे बोललास?"

शेडमध्ये डुकरं आपापसात भांडत होती. मग डेलमारने विचारलं, "किती खोल घातली होतीस तिला?"

"चार बोटं."

"आणि दर वसंतात त्या वळणावर आपण नवी माती का टाकतो रे?"

हा प्रश्न व्हर्लिनला झोपेतून उठवून विचारला असता तरी त्याने उत्तर दिलं असतं. ट्रॅकवर कामाला येणाऱ्या प्रत्येकाला तो हेच पहिल्यांदा शिकवायचा. त्याने सवयीने तोंड उघडलं. "कारण तिसऱ्या वळणावरची वरची माती गाड्या भिंतीपलीकडे..."

वाक्य अर्धं सोडून तो टँकरच्या पायरीवर बसला.

डेलमार त्याच्याकडे न बघता सांगत होता. "पहिल्याच शनिवारी गेली ती. तू तेव्हा शेडमागे तोंड लपवून उभा होतास. मी तिच्या जागेवर जाऊन बसलो, म्हटलं आज कुणीतरी तिथे असायला पाहिजे. पहिल्याच शर्यतीत मार्लाची गाडी भिंतीला घासून गेली आणि माझ्या छातीवर हे एवढं ढेकूळ बसलं. मी म्हटलं, आलीस का."

रोज सकाळी व्हर्लिन कुणाशी बोलत होता? फाळ कुणासाठी उचलत होता? ज्या मातीला त्याने कुणाला हात लावू दिला नाही, तिच्यात आर्डिसचा कणही नव्हता. आणि त्या पोकळ राखणीपायी ट्रेंटचं हाड मोडलं होतं. मान मोडली असती तर? हा विचार आला तेव्हा तो मोठ्याने "अरे देवा" म्हणाला आणि दोन्ही हातांत तोंड लपवून रडला. डेलमारने त्याला रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी त्याने मार्लाला सगळं सांगितलं. सांगितल्याशिवाय त्याला ट्रॅककडे बघवत नव्हतं. ट्रेंटचं ऐकताना मार्लाचा चेहरा कठोर झाला. ती म्हणाली, ते तुम्ही त्याला स्वतः जाऊन सांगायचं, माझ्यामार्फत नाही. तो म्हणाला, जाऊन आलो, सकाळीच. ट्रेंटने काय म्हटलं ते तिने विचारलं नाही. तिच्या डोक्यात भलतंच काही तरी जुळत होतं, कारण तिचा हात हळूहळू तोंडाकडे गेला.

"त्या पहिल्या शनिवारी मी पुढच्या गाडीच्या मागेच अडकले होते," ती म्हणाली. "हेल्मेटची काच वर राहिली होती. व्हर्लिन, माझं तोंड मातीने भरलं होतं. मी घरी जाऊन चूळ भरली आणि झोपले."

व्हर्लिनने तिच्याकडे पाहिलं. हसावं की काय करावं ते दोघांनाही कळेना, आणि शेवटी हसू आलंच, रडू आल्यासारखं.

मग शनिवार आला. नवी माती जुन्या तळाशी एकजीव व्हायला हवी होती, म्हणून त्या आठवड्यात व्हर्लिनने ट्रॅक्टर तिसऱ्या वळणावर नेला आणि फाळ खाली सोडला. सवयीने हात दांड्याकडे गेला. त्याने तो मागे घेतला आणि फाळ पुरता आत जाऊ दिला. डेलमारने भिजवलं, त्याने दाबलं, पुन्हा भिजवलं. बाकी सगळं नेहमीसारखंच झालं.

संध्याकाळी ग्रेडर डेलमारच्या ताब्यात देऊन तो काठी टेकत उतार चढला आणि आर्डिसच्या जागेवर बसला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच इथे बसत होता. शेजारी एक जाडजूड बाई रेनकोट घालून तयारीने बसली होती. त्याच्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघून तिला दया आली.

"नवे दिसता," ती म्हणाली. "हे प्लॅस्टिक घ्या. सँडविच झाका, नाहीतर मातीच खाल."

गाड्या आल्या. तो आवाज त्याने जन्मभर आतून, मैदानाच्या मधोमध उभं राहून ऐकला होता. इथे तो छातीतच शिरला. गाड्या आडव्या झाल्या, एका रांगेत वळणावरून वाहिल्यासारख्या गेल्या. एकही उडाली नाही. आणि त्याच क्षणी आकाश पिवळं झालं आणि एक ओलं ढेकूळ येऊन त्याच्या गळ्याखाली आदळलं.

ती आर्डिस नव्हती. ही नदीकडची नवी माती आहे, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी त्याने ते ढेकूळ उचललं, मुठीत आवळलं आणि मूठ उघडली. फुटलं नाही. चिकटलंही नाही. आठवडाभर त्याने काय केलं ते सगळं तळहातावर होतं.

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. इथे बसून दर शनिवारी ही माती अंगावर घेणाऱ्या बाईला तिसऱ्या वळणावरचं वरचं ढेकूळ कुठे जातं हे माहीत नव्हतं? गावात तिच्याइतकं ते कुणाला माहीत होतं? तिने विचार करूनच मागितलं होतं. तिला तिथे राहायचंच नव्हतं. तिला पहिल्या शनिवारी, भरल्या उतारावर, लोकांच्या बिअरमध्ये आणि केसांत उडायचं होतं, आणि नवऱ्याने ते व्यवस्थित घडवूनही आणलं होतं. फक्त तो बघायला आला नव्हता.

"पुसा की," शेजारची बाई म्हणाली. "गळ्यापर्यंत आलंय."

"राहू दे," व्हर्लिन म्हणाला.

गाड्या पुन्हा वळणाकडे येत होत्या. त्याने सँडविचवरचं प्लॅस्टिक काढलं, घडी करून तिला परत दिलं आणि एक घास घेतला.