काकूने सांगितलेला चोर

काकूचं आणि माझं कधी पटलं नाही. घर एक, महागावच्या रस्त्याला शेतही एकच, म्हणून बोलावं लागतं. डी.एड. करून मी घरी बसले आहे, हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला तिखटमीठ लावून सांगते.

शेतात सीतादहीचा, म्हणजे दहीभाताचा, नैवेद्य दाखवून कापसाची वेचणी सुरू झाली, तेव्हा मी एका विज्ञान-रहस्यकथेत बुडाले होते. दुसरा भाग. चंद्रावरच्या वसाहतीतली हवा रोज थोडी थोडी चोरीला जाते, संशयित तिघं, त्यात एक डॉक्टरीणबाई. मुखपृष्ठावर ‘किशोरांसाठी’ छापलेलं, मी सव्वीस वर्षांची. मला त्याची काडीची लाज नव्हती. शेवटची चाळीस पानं उरली होती. घरी ठेवून जाववेना, म्हणून कमरेला बांधलेल्या ओटीत पुस्तक टाकलं. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, टेकलं की दोन पानं वाचायची, पुन्हा वेचायचं. संध्याकाळी विसरून ओटी तशीच वजनाला दिली.

काटा काकूच्या हातात असतो. ओटी उपडी केली आणि कापसातून पुस्तक पडलं.

“काहून वं, बाया गोटे टाकतात, तू पुस्तक टाकून राह्यली? वजन वाढवाले?”

वेचणाऱ्या साऱ्या बाया हसल्या. घरच्याच वावरात मी चोर ठरले. “लेकरायचं पुस्तक हाय,” म्हणत तिने ते नेलं आणि कपाटात कोंडलं.

आठवडाभर मी तिच्याशी बोलले नाही. मग एका दुपारी तिने ते माझ्यापुढे आपटलं.

“हवा त्या डॉक्टरीणबाईनं चोरली. घे आता. अन् पहिला भाग दे मले.”

मेलीने सगळं वाचलं होतं! मला रडूच फुटलं.

“उंदरानं खाल्ला,” मी म्हणाले. पहिला भाग माझ्या उशाशीच होता.

आता वाचायचंच नाही असं ठरवलं. दोन दिवस टिकले. तिसऱ्या दिवशी दातओठ खात पुस्तक उघडलं, डॉक्टरीणबाईवर डोळा ठेवून वाचत गेले, आणि शेवटून दुसऱ्या पानावर चोर निघाला भलताच. त्याच्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. खाटेवर ताडकन उठून बसले. इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

काकू दारात उभी राहून माझं तोंड बघत होती.

“फसली ना?”

ती मुद्दाम खोटं बोलली होती. ती मजा मला हिने द्यावी, हेच मला सहन होत नाही. पहिला भाग उशाशीच आहे. केर काढताना तिला तो रोज दिसतो. मी अजून दिलेला नाही.