पुसलेल्या याद्या आणि एक गाऱ्हाणं

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कणकवलीतल्या आमच्या हापिसात कॉम्प्युटर आला, तेव्हा कोल्हापूरला पंधरा दिवस शिकून आलेला मी एकमेव विद्वान होतो. त्या खोलीत शिरताना मी साहेबांनासुद्धा चपला बाहेर काढायला लावायचो.

टायपिस्ट बाईंनी तीन महिने खपून गावोगावच्या बागायतदारांच्या याद्या त्यात भरल्या होत्या. त्यांचं लग्न आठ दिवसांवर आलेलं. साहेबांचा हुकूम होता, आधी याद्या छापा, मग रजा. छपाईच्या सकाळी मी 'जरा साफसफाई करतो' म्हणत ऐटीत बटणं दाबली आणि सगळ्या याद्या पुसून टाकल्या.

"लाईट डिम झाली वाटतं," मी म्हणालो.

बाईंनी तडक दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

दुपारी पणजीहून दुरुस्तीवाला आला. "विजेनं डिस्क बिघडली असेल तर मी हात लावत नाही, मुंबईला न्या, महिना जाईल. कुणी पुसलं असेल तर मजकूर अजून आतच आहे, मी काढतो. नक्की काय झालं?"

"लाईटच," मी.

मग आमच्या म्हाताऱ्या शिपायानं नारळ आणला. काम अडलं की आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात. एकानं मागायचं, बाकीच्यांनी होकार भरायचा. कॉम्प्युटरपुढे नारळ ठेवून तो गरजला, "बा देवा म्हाराजा! ह्या चेडवाचा लगीन आठ दिसार इला हा!"

"होय म्हाराजा!" सगळे.

"तेच्यो याद्यो परत येवंदेत!"

"होय म्हाराजा!"

"आणि लायटीचा नाव सांगान जेणा पुसल्यान, तेका आत्ताच बुद्धी दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

या खेपेला एकच आवाज घुमला. माझा. लहानपणापासूनची सवय, तोंड मला विचारत नाही. बाकी सगळे गप्प राहून माझ्याकडे बघत होते.

मी कोणती बटणं दाबली ते सांगून टाकलं. दुरुस्तीवाल्यानं कपाळाला हात लावला आणि खुर्ची ओढली. तासाभरात याद्या एकेक करून परत आल्या. प्रत्येक गावाचं नाव दिसलं की बाई मान हलवायच्या. संध्याकाळपर्यंत छपाई झाली, साहेबांनी रजेवर सही केली.

जाताना बाई माझ्यापाशी थांबल्या. "लग्नाक येवा हां. पण खंयच कशाक हात लावू नकात."

गेलो. पंगतीत वाढायलासुद्धा मला कुणी भांडं दिलं नाही.