मनूताईंची उखाण्यांची सभा

मनूताई कुणाच्याही घरी गेल्या की चहाच्या आधी मुलांची पाटी मागत. कोरी दिसली की म्हणत, "अगं, चूल एक वेळ उशिरा पेटली तरी चालेल, पाटी कोरी नको!"

डोंबिवलीत त्या आमच्या समोर राहत. शाळेच्या पालक समितीत पाच पुरुष आणि या एकट्या बाई.

माझी कुसुम तेव्हा चौथीत होती. मुलींना तिथे चौथीच शेवटची. पुढे शिकायचं तर कल्याणला गाडीने जायचं, आणि तिकडे आमच्याकडून तिला कोणी पाठवणार नव्हतं. माझंही चौथीवरच थांबलं होतं. मनूताईंनी समितीत मुलींसाठी पाचवी मागितली, तर अध्यक्ष म्हणाले, "आयांची मागणी कुठे आहे?"

झालं! मनूताईंनी संक्रांतीचं हळदीकुंकू केलं, वाण म्हणून पेन्सिली लुटल्या आणि अर्ज पुढे ठेवला. आम्ही नावं लिहिली. पण नवऱ्याचं नाव कसं लिहायचं? सगळ्यांनी नुसती स्वतःचीच लिहिली. अध्यक्षांनी अर्ज परत पाठवला. "यात पाच लक्ष्म्या आणि चार सीता आहेत. कोण कुणाकडची? पुरी नावं हवीत."

मनूताई पोट धरून हसल्या. "हवीत ना? मग रीतीने घेऊ."

पुढच्या सभेला त्या आम्हा वीसजणींना घेऊनच गेल्या. "लिहून घ्या हो, एकेकजण उखाणा घेईल."

माझी पाळी आली. पुरुषांपुढे मी कधी तोंड उघडलं नव्हतं. "मनूताई, मला नाही जमायचं."

"यांच्याकडे बघू नकोस. कुसुम समोर बसलीय असं समज."

डोळे मिटले आणि म्हटलं,

"जाईच्या वेलाला आधार मांडवाचा,
वसंतरावांच्या लेकीला बाक हवा पाचवीचा!"

टाळ्या पडल्या. शेवटी उठल्या त्या अध्यक्षांच्याच बाई. अध्यक्ष घाईने म्हणाले, "अहो, माझं नाव मला ठाऊक आहे!"

"असू दे की," मनूताई म्हणाल्या, "नियम तुमचाच. घ्या हो वहिनी!"

हसता हसता अध्यक्षांनी पाचवी मंजूर केली.

जूनमध्ये वर्ग भरला. संध्याकाळी मनूताई आल्या, सवयीने हात पुढे केला. कुसुम ऐटीत म्हणाली, "आता पाटी नाही, वही असते आम्हाला!"

"मग पाटी आईला दे," मनूताई म्हणाल्या. "तिची पाचवी राहिलीय."

मनूताईंना जाऊन पुष्कळ दिवस झाले. हे सगळं आधी त्या पाटीवर लिहून पाहिलं, मगच वहीत उतरवलं.